सुमन, तुझी रायफल मी त्यांच्या हाती दिली

विघ्ने दूर करणाऱ्या श्रीगजाननाला, आणि जिच्या हातांत शस्त्रे व मुखावर प्रसन्नता एकाच वेळी नांदते त्या जगदंबेला प्रथम वंदन. निमित्त तुझ्या स्मरणाचे, सुमन. तुझे दिवसकार्य तुझ्या लेकीने, मृणालने यथासांग पार पाडले. रीतीप्रमाणे मी आता तुझा जन्म, शिक्षण, नोकरी क्रमाने सांगावी, तुझ्या गुणांची वाखाणणी करावी आणि ईश्वर तुला शांती देवो असे लिहून थांबावे. ते काम इतरांनी केले आहे आणि चांगले केले आहे. मला तुला केवळ एक वृत्त कळवायचे आहे. तू गेल्यानंतर आपल्या रेंजवर जे घडले ते ऐकण्याचा पहिला अधिकार तुझा होता आणि नेमकी तूच तिथे नव्हतीस.

या वृत्तात एक गृहस्थ आहेत. आपल्या रायफल क्लबचे सेक्रेटरी. त्यांचे नाव मी इथे घेणार नाही. दानाच्या संकल्पात नाव त्याचेच उच्चारतात ज्याला काही द्यायचे असते.

कॉलेजात एनसीसीच्या गणवेशात आपण दोघींनी पहिल्यांदा रायफल खांद्याला लावली. नंतर संसार, तुझी नोकरी, माझे शाळेत संस्कृत शिकवणे, यांत ती सुटली. निवृत्तीनंतर तूच मला पुन्हा रेंजवर ओढून नेलेस. "कुमुद, पाठांतर करून करून तुझी मान वाकलीये. चल, दहा मीटरवर सरळ बघायला शीक," असे म्हणालीस. मी गेले. तेव्हापासून शेजारशेजारच्या दोन जागा आपल्या. तू डावीकडे, मी उजवीकडे. तुझा छर्रा कागदाला लागला की त्याचा आवाज मला न पाहता ओळखू येई. देवघरात एकत्र बसल्यावर जी शांतता लाभत नाही ती तुझ्या शेजारी उभी असताना लाभत असे. हे मी तुला कधी सांगितले नाही. आपल्यात असली वाक्ये बोलायची पद्धत नव्हती.

आता मागच्या खंडेनवमीविषयी. त्याविषयी तू मला गप्प बसवले होतेस. आता तू मला गप्प बसवू शकत नाहीस.

आपल्या रेंजवर खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. सर्वांच्या रायफली लांब टेबलावर मांडतात, गंध-फूल वाहतात, आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन होईपर्यंत कोणीही कोणत्याही शस्त्राला हात लावत नाही. हा नियम लिहिलेला नाही, तो सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याच्या रायफलला विचारल्यावाचून हात लावायचा नाही, हा दुसरा नियम तर बारा महिन्यांचा. तुझी जुनी रायफल त्या टेबलावर सर्वांत पुढे होती. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. सेक्रेटरीसाहेबांना शस्त्र धरलेला फोटो हवा होता. त्यांनी जवळची म्हणून तुझी उचलली. त्यांचा चेहरा लांबट, तुझा छोटा. गाल टेकायचा जो उंचवटा असतो, ज्याला आपण चीकपीस म्हणतो, तो त्यांच्या डोळ्याला उंच पडला. साईटमधून पाहतानाचा फोटो नीट यावा म्हणून त्यांनी तो स्क्रू ढिला करून खाली दाबला. फोटो झाला. रायफल परत टेबलावर गेली. चीकपीस खालीच राहिला. फूल मात्र त्यांनी आठवणीने पुन्हा वाहिले.

यातले काहीही आपण पाहिले नव्हते, हे सारे मागाहून जुळवलेले. आपण प्रसादाच्या ताटांपाशी होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्येष्ठांच्या संघाची निवड होती. इतर कोणत्याही दिवशी तू प्रत्येक स्क्रू तपासून मगच उभी राहतेस. त्या दिवशी तू तपासले नाहीस, कारण शस्त्र पूजेतून उठलेले होते. देवीपुढून आणलेल्या वस्तूवर संशय घ्यायचा नसतो, अशी तुझी श्रद्धा. माझीही तीच होती. तू उभी राहिलीस आणि छर्रे विखुरले. तू मान ताठ केलीस, पुन्हा टेकवलीस, डोळे मिटून उघडलेस. शेजारून मला तुझा श्वास ऐकू येत होता, आणि तो कधी नव्हे इतका जोरात चालला होता.

स्पर्धा संपल्यावर तू चीकपीसकडे पाहिलेस. त्याच्या दांड्यावर तू नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली होतीस, आपण सगळेच ठेवतो. रेघ तिच्या जागेवरून खाली गेलेली होती. तू सेक्रेटरीसाहेबांना ती दाखवलीस. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "अहो सुमनताई, एवढ्याशानं काही होत नाही हो. रेघ नाही हलली, हात हलला. वय झालं की असं होतं. आता आपण घरी नातवंडं सांभाळा, आम्ही आहोत की इथं."

सगळ्यांसमोर. भोवतालचे चार जण हसलेही. संघातून तुझे नाव गेले आणि पुढच्या आठवड्यात तुझी डावीकडची जागा 'नव्या मुलांसाठी' म्हणून काढून घेतली गेली. तुला कोपऱ्यातली दिली, जिथे दुपारी उन्हाची तिरीप थेट डोळ्यावर येते.

फोटो दिवाळीच्या सुमारास फ्रेम होऊन क्लबच्या भिंतीवर आला. आपण दोघींनी तो एकाच वेळी पाहिला. त्यांच्या गालाखाली तुझी रायफल, आणि चीकपीस पार तळाला टेकलेला. मी म्हणाले, "चल, आत्ता जाऊ आणि विचारू." तू माझा पदर धरलास. "काही उपयोग नाही, कुमुद. ते म्हणतील, मग काय झालं? एवढ्याशानं काही होत नाही म्हणालेच आहेत. आणि मला कुणाची माफी नकोय. मला नवी रायफल हवीये."

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला, तो तू गेलीस तरी मिटलेला नाही. तुझे म्हणणे, मनात सूड धरून जो उभा राहतो त्याची नाडी वाढते, आणि नाडी वाढली की नळी हलते. "देवीच्या मूर्तीकडे बघ. महिषासुराच्या छातीत त्रिशूळ आहे, पण चेहरा बघ तिचा. राग कुठंय?" मी म्हणाले, "राग त्रिशूळात आहे. म्हणून तर चेहऱ्यावर ठेवायची गरज नाही." तू हसलीस. म्हणालीस, "संस्कृतवाल्यांशी वाद घालू नये." पण पटले नाही तुला.

नवी रायफल निवडायला आपण स्वारगेटच्या पुढच्या त्या दुकानात गेलो. विक्रेत्याने विचारले, "आजी, नातवासाठी का?" तू म्हणालीस, "नाही, माझ्यासाठी. नातवाला अजून झेपायची नाही." बिचारा नंतर तुला मॅडम म्हणू लागला. दोन रायफली समोर होत्या. एक सुंदर अक्रोडी लाकडाची, हातात घेताच वीणेसारखी वाटणारी. दुसरी ॲल्युमिनियमची, सगळीकडून खाचा, पट्ट्या आणि स्क्रू.

"हा काय पाळण्याचा सांगाडा आहे?" मी म्हणाले. "लाकडाची घे. हातात घेतल्यावर प्रसन्न वाटतं."

"मला प्रसन्न वाटायला देवघर आहे. हे बघ." तू चष्मा नाकावर सरकवून चीकपीसचा दांडा मला दाखवलास. त्यावर मिलिमीटरच्या रेघा कोरलेल्या होत्या. खांद्याला टेकणाऱ्या पट्टीवर रेघा, तिच्या लांबीवर रेघा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा लॉक करायचा स्क्रू. "इथं काहीही हललं तर आकड्यात कळतं. कुणी म्हणू शकत नाही की रेघ हलली नाही, हात हलला."

तेव्हा मी केवळ मान डोलावली. आज वाटते, शांतीचा पाठ मला देणाऱ्या बाईने त्या सांगाड्यात आपला त्रिशूळ शोधला होता. तू कबूल केले नसतेस.

परतताना रिक्षावाल्याने ती लांब पेटी पाहून विचारले, "आजी, सतार हाय का?" तू म्हणालीस, "हो. एकच सूर आहे, पण लांबवर जातो." विश्रांतवाडीला तुझ्या दारात उतरेपर्यंत तो आरशातून पेटीकडे पाहत होता.

मग ती रायफल आपण तुझ्या अंगाला बसवली. कपडे बेतावेत तशी. तू दिवाणखान्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहत असस आणि मी बाजूने पाहत असे. प्रथम खांद्याची पट्टी, कारण तिच्यावाचून पुढचे काहीच ठरत नाही. ती तू आखूड करायला लावलीस, कोपर कमरेच्या हाडावर सहज टेकेपर्यंत. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि डोळे उघडायचे. उघडल्याबरोबर साईटच्या छिद्रातून पुढचे वर्तुळ मधोमध दिसले पाहिजे. दिसण्यासाठी मान हलवावी लागली तर चीकपीस चुकला. किती वेळा तू डोळे मिटलेस आणि उघडलेस! "अजून वर. अगं, केसभर. ते केसभर नाही, ती वेणी झाली." स्क्रू फिरवायची ॲलन की माझ्या हातात असायची आणि शिव्या तुझ्या तोंडात. नंतर मागच्या साईटचे अंतर, पुढच्या हाताचा आधार, ट्रिगरचे वजन. ट्रिगर तू इतका हलका ठेवलास की मला भीती वाटली. तू म्हणालीस, "विचार करताच सुटायला हवा. ओढायला लागला तर उशीर झाला." रेंजवर नेऊन कोपऱ्यातल्या त्या उन्हात तू पाच छर्रे मारलेस. पाचांचे मिळून एकच भोक पडले, कडा थोड्या फाटलेल्या. तू कागद घडी घालून पर्समध्ये ठेवलास आणि कोणालाही दाखवला नाहीस.

खुणेच्या रेघा तेवढ्या ओढायच्या राहिल्या. रंगावरून आपले जमेना. मी लाल म्हणत होते, तू म्हणालीस लाल रंग उन्हात विटतो. पुढच्या वेळी ठरवू, असे म्हणून मी घरी आले. पहाटे मृणालचा फोन आला. झोपेतच तुझे हृदय थांबले होते.

स्मशानातून परतल्यावर स्नान करून मी तुझ्या घरी गेले, पेटी उघडली आणि रेघा ओढल्या. लालच. इतक्या वर्षांत तुझ्याविरुद्ध माझे म्हणणे खरे करण्याची ती पहिली संधी होती, आणि तुला ऐकू जाईल असे भांडण करायला तू नव्हतीस. रेघा सरळ आल्या. त्यानंतर मी देवीपुढे बसले. तिच्याकडे मी क्षमेची बुद्धी मागितली नाही. क्षमा करण्याचा अधिकार तुझा होता, तो तू मला देऊन गेली नव्हतीस. मी मागितला तो धीर.

क्लबने शोकसभा ठेवली. सेक्रेटरीसाहेबांचा मला फोन आला. "बाई, आपण ताईंच्या जिवलग. दोन मिनिटं मौन, फोटोला हार, मी चार शब्द बोलेन. अजून काही सुचवता?"

मी म्हणाले, "तिची नवी रायफल फोटोपुढे ठेवू. आणि क्लबच्या वतीनं पाच छर्रे तिच्याच रायफलनं झाडावेत. मानवंदना म्हणून. आपल्या हस्ते."

"वा! फारच छान कल्पना," ते म्हणाले. "मी पेपरवाल्यांना कळवतो."

मी म्हणाले, "अवश्य कळवा."

सभेला सगळे आले होते. मृणाल खराडीच्या ऑफिसमधून रजा घेऊन आली होती, डोळे सुजलेले. मी तुझ्या रायफलला गंध लावले, फुले वाहिली, नमस्कार केला. मौन झाले. त्यांचे चार शब्द झाले. तू शिस्तप्रिय होतीस, 'वयोमानानुसार शेवटी थोडे अवघड गेले तरी' तुझी जिद्द वाखाणण्यासारखी होती, असे ते म्हणाले. तुझ्या फोटोसमोर उभे राहून, पुन्हा तेच. माझी नाडी मी तेव्हा मोजली असती तर तुला अभिमान वाटला असता. ती संथ होती.

मी रायफल उचलून दोन्ही हातांनी त्यांच्या हाती दिली.

ते उभे राहिले. आखूड पट्टीमुळे त्यांचा हात अंगाला खेटला, मान मागे गेली. गाल टेकवला तो डोळा साईटच्या वर. त्यांनी मान वाकडी करून कसाबसा नेम धरला आणि तेवढ्यात ट्रिगर सुटला. दुसराही तसाच. मग ते थांबले आणि हळूच म्हणाले, "बाई, हा चीकपीस जरा खाली घेतो हं. आणि ही पट्टी..."

"फुलं वाहिलेली आहेत," मी म्हणाले. "पूजेतल्या शस्त्राचा स्क्रू आज हलवत नाहीत. आपल्याला ठाऊकच आहे."

कॅमेरा चालू होता. त्यांनी उरलेले तीन छर्रे मारले. दोरी ओढून कागद पुढे आणला. तीन छर्रे मधल्या काळ्या वर्तुळाच्या वरच्या कडेला, एक पांढऱ्यावर, आणि पाचवा कुठे गेला हे शोधायला दोघांना वाकावे लागले. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले जाधवकाका मागच्या बाकावरून म्हणाले, "काय सेक्रेटरी, हात हालला का काय?"

"हात नाही हो!" ते उसळून म्हणाले. "चीकपीस! माझ्या मापाचा नाहीये तो. केसभर इकडेतिकडे झाला तरी छर्रा कुठच्या कुठे जातो. कुणालाही विचारा, साधी गोष्ट आहे!"

सुमन, ते वाक्य त्यांनी मोठ्याने म्हटले. त्या हॉलमध्ये, तुझ्या फोटोपुढे, सर्वांच्या देखत. मला शब्दही बोलावा लागला नाही. जाधवकाकांनीच मान वळवून भिंतीवरच्या त्या खंडेनवमीच्या फोटोकडे पाहिले. मग त्यांच्या शेजारच्याने. मग एकेकाने. दसऱ्यानंतर जे चौघे हसले होते तेही तिथे होते, आणि त्यांच्यापैकी एकाने चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"ही सुमनताईंचीच जुनी रायफल ना?" जाधवकाका म्हणाले. "मग त्या खरंच सांगत होत्या की."

मृणालने माझा हात धरला. तिला काहीच माहीत नव्हते. तू तिलाही सांगितले नव्हतेस.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "बाई, हे बरं नाही केलंत. अशा प्रसंगी?"

"प्रसंगाचं भान ठेवायचं असतं हे खरं," मी म्हणाले. "साखर कमी आहे का आपल्या चहात?"

त्यांनी कागद मागितला. आपल्या क्लबची रीत अशी की मानवंदनेचा कागद नावासकट फलकावर लावायचा. मी तो स्वतः लावला, चारही टाचण्या नीट दाबून. मौन पाळताना ज्यांनी डोळे मिटले होते त्यांनीही आता तो उघड्या डोळ्यांनी पाहिला. पुढच्या सभेत समितीने ठराव केला की त्या निवड स्पर्धेतला तुझा निकाल तुझ्या नावापुढून काढून टाकावा, आणि डावीकडची ती जागा यापुढे ज्येष्ठांसाठीच ठेवावी. ठरावावर सेक्रेटरी म्हणून सही त्यांनाच करावी लागली.

लोक म्हणतात, सूड घेतल्यावर आत पोकळी उरते. मी वाट पाहिली. पोकळी आली नाही. त्या रात्री कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली. तुझ्या शांतीच्या तत्त्वज्ञानाला मी इथे नम्रतापूर्वक नकार देते. वाद संपला असे मात्र समजू नकोस. सकाळी उठल्यावर पहिला विचार आला की तुला फोन करावा, आणि तुझे ओरडणे ऐकावे. "कुमुद! शोकसभेत? माझ्या?" एवढे एकदा ऐकायला मिळाले असते तर मी त्यांचा तो कागद फलकावरून काढूनही टाकला असता. कदाचित.

रायफल मृणालने मला दिली. काल मी डावीकडच्या जागी उभी राहिले. पट्टी मला आखूड, चीकपीस उंच. माझेही छर्रे विखुरले आणि मान अजून दुखते आहे. मृणाल म्हणाली, "मावशी, हलव की तो. आई असती तर तिनंच ॲलन की हातात दिली असती." खरे आहे तिचे. पण ज्या मापावर तुझा गाल टेकत होता ते माप जगात आता एवढ्याच एका ठिकाणी उरले आहे. स्पर्धा जवळ आली की बघू. तोवर हरेन.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरातल्या लहानथोरांना जगदंबेचा आशीर्वाद असो. तुमची दृष्टी स्वच्छ राहो, श्वास संथ चालो, घरात अन्न आणि माणसे भरपूर असोत. आपल्यामागे आपल्यासाठी भांडणारे एक तरी माणूस तुम्हाला लाभो. सेक्रेटरीसाहेबांच्या घरच्यांनाही हाच आशीर्वाद, कारण त्यांच्या पत्नी आणि सुना फार गुणी आहेत. त्यांच्या स्वतःच्या वाट्याचा मी तूर्त देवीपाशी ठेव म्हणून ठेवला आहे. तिला योग्य वाटेल तेव्हा ती देईल. तिला घाई नसते, आणि आता मलाही नाही.